नमुन्याप्रमाणे

झिजलेल्या पिनेचं माप न झिजलेल्या जागी घ्यायचं असतं. लेथवर उभी राहिले त्या पहिल्या दिवशी वडिलांनी मला हे सांगितलं. त्याला सव्वीस वर्षं झाली, आणि त्यानंतर याहून उपयोगाचं मला कुणी काही सांगितलेलं नाही, लग्नात मिळालेले सगळे सल्ले धरून.

पिन म्हटलं की लोकांना टाचणी आठवते. माझी पिन मनगटाहून जाड, हातभर लांब आणि वीस किलो वजनाची असते. खाणीत दगड उचलणाऱ्या पोकलेनची बकेट जिथं त्याच्या लांब आर्मला जोडलेली असते, तिथं ती आरपार बसते आणि बकेट तिच्याभोवती फिरते, दार बिजागरीत फिरतं तसं. दिवसातून हजारदा फिरल्यावर लोखंड खाल्लं जाणारच. फक्त कॉलरच्या, म्हणजे पिनेच्या टोकाला असतं त्या जाड कड्याच्या, लगतची दोन बोटं जागा कशालाच घासत नाही. तिथं मायक्रोमीटर लावला की मूळ माप कळतं, मध्ये लावला की किती खाल्लं ते कळतं. मग नवी करायची. बस्स, एवढंच माझं काम, आणि ते माझ्यासारखं या भागात कुणी करत नाही.

झिजलेली पिन पाहून मी चालवणाऱ्याचा हात ओळखते. ही बढाई नाही. बरं, थोडी आहे. पण खरी आहे. माझ्या नवऱ्याला पाहण्याआधी दोन वर्षं मी त्याच्या पिना करत होते. टिपर नेहमी डाव्या हाताला लावून घ्यायचा आणि मशीन वळता वळताच बकेट रिकामी करायची, ही त्याची सवय. त्यामुळं त्याच्या पिनेच्या डाव्या कडेला बटणाएवढा चकाकता डाग पडतो. बाकीची झीज इतकी सारखी असते की बोट फिरवलं तर कुठं अडखळत नाही. असा हात असलेला माणूस घरात आदळआपट करणार नाही, एवढ्या हिशेबावर मी होकार दिला होता. हिशेब बरोबर निघाला.

काम झालं की पिनेच्या तोंडावर पंचानं खूण मारायची, ही आमच्याकडची पद्धत. वडिलांचा एक ठिपका होता. साडेतीन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली, उजेड आणि सावली एवढंच उरलं, तेव्हापासून माझे दोन ठिपके आणि पुढं क्रमांक, एकपासून सुरू केलेला. तो क्रमांक रजिस्टरात लिहायचा आणि शेरा मारायचा: नमुन्याप्रमाणे. कारण आमच्याकडं कागदावरचे नकाशे येत नाहीत. जुनी पिन येते, तोच नमुना. वडील अजून रोज येऊन लेथशेजारच्या खुर्चीत बसतात. आवाजावरून हत्यार बोथट झालेलं सांगतात, आणि तयार पिनेवरून त्यांची ऐंशी मिलिमीटरची रिंग सरकवून पाहतात. रिंग खडखडली तर पिन बारीक, अडकली तर जाड. हवा दाबत हलकेच गेली की म्हणतात, "जाऊ दे."

थंडी नुकतीच सुरू झाली होती तेव्हा एका सकाळी ग्रीसमामा आले. हे खाणीतले फिटर. जगातलं प्रत्येक दुखणं ग्रीसनं बरं होतं असं त्यांचं मत आहे, आणि स्वतःच्या गुडघ्यालाही ते तेच लावतात असा मला संशय आहे. त्यांनी गाडीतून एक झिजलेली पिन उतरवली. मोठ्या मशीनच्या टूलबॉक्समध्ये पडली होती म्हणाले, कुणी ठेवली कुणास ठाऊक. मोठं मशीन म्हणजे चार महिन्यांपूर्वी आलेलं कोरं पोकलेन. त्यावर फक्त माझा नवरा बसतो. सीटवरचं प्लास्टिक त्यानंच फाडलं, आणि निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आणखी नऊ वर्षं, ही सीट कुणाला देणार नाही असं त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय. कंपनीच्याच पिना अजून ठणठणीत होत्या. तरी एक जादा करून ठेव, असं ग्रीसमामांचं म्हणणं पडलं.

ते गेल्यावर मी पिन टेबलावर घेतली आणि माझं डोकंच फिरलं. कॉलर जिथं सुरू होते तो आतला कोपरा करणाऱ्यानं सरळ काटकोनात सोडला होता. तिथं गोलाई द्यावीच लागते, नाही तर भेग तिथूनच धरते. तशी ती धरली होती. पाऊण घेर फाटला होता. हे काम कुठल्या तरी गाढवाचं आहे, असं मी वडिलांना मोठ्यानं ऐकवलं. मशीनखाली माणसं उभी असतात याची ज्याला जाणीव नाही त्यानं लेथला हात लावू नये, असंही म्हणाले. वडील हसत होते.

भेगेत काहीतरी अडकलं होतं. चिमट्यानं ओढलं, तर बोटभर लांबीचा मरून लोकरीचा धागा निघाला. तुटक्या ड्रिलांच्या डबीत मी तो टाकून दिला.

मग डिझेलच्या बोळ्यानं पिनेचं तोंड पुसलं. त्यावर दोन ठिपके होते आणि पुढं ६४२.

दोनचा आकडा मारायच्या माझ्या पंचाची शेपटी तुटलेली आहे. तसा दोन दुसऱ्या कुणाचा असणं शक्य नाही. पिनेवरचा दोन तसाच होता. रजिस्टर उघडलं. त्या दिवशी माझा शेवटचा क्रमांक होता ६११.

आकडे उलटसुलट मारले असतील, असं धरून मी ४६२ पाहिला, २४६ पाहिला. दोन्ही वेगळ्या जाडीच्या पिना. न झिजलेल्या जागी मायक्रोमीटर लावला, बरोबर ऐंशी. मध्ये लावला, ७६.१०. एवढं खायला निदान आठ महिने लागतात, आणि मशीनला चारच झाले होते. शेवटी मी डाव्या कडेवरून बोट फिरवलं. बटणाएवढा डाग तिथं होता.

मी काही घाबरून बसणारी बाई नाही. ज्याचं कारण कळत नाही ते बाजूला ठेवायचं आणि हातातलं काम करायचं. मी त्या नमुन्यावरून ६१२ केली, कोपऱ्याला छान गोलाई दिली आणि फळीवरच्या तेलाच्या ट्रेमध्ये ठेवली. शेजारी तो नमुना ठेवला. नवऱ्याला मी गंमत म्हणून क्रमांकाचं सांगितलं. तो म्हणाला, आता तू झोपेतही पंच मारायला लागलीस. धाग्याचं मात्र मी सांगितलं नाही.

दोन आठवड्यांनी सासूबाईंनी आपल्या लेकाच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, स्वेटरसाठी लोकर आणली. पिशवीतून गुंडे बाहेर काढले, मरून. राखाडी जास्त शोभेल, असं मी सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, राखाडी त्याच्या डोक्यावर आलंय तेवढं पुरे. त्यांनी टाके घातलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी डबीतला धागा काढून मी त्या गुंड्याला लावून पाहिला. रंग तोच, पीळ तोच. मरून लोकर जगात भरपूर मिळते, हे मी स्वतःला सांगितलं आणि डबीचं झाकण लावलं. पण थोड्या वेळानं पुन्हा उघडून पाहिलं. नवऱ्याला वाईट सवय आहे. बकेटच्या दातांत दगड अडकला की तो मशीन बंद करतो आणि बकेट वर टांगलेली ठेवूनच तिच्याखाली उभा राहून पहारीनं दगड काढतो. त्या संध्याकाळी मी त्याला म्हटलं, बकेट जमिनीला टेकवत जा. तो म्हणाला, "तुझी पिन असली की मी वर बघतसुद्धा नाही." एरवी मला हे ऐकून बरं वाटलं असतं.

नमुन्याचं माप पुन्हा मी सहज म्हणून घेतलं. ६२० करून झाली होती. मध्ये ७७.२० भरलं.

मायक्रोमीटर चुकला असं समजून मी तो प्रमाण-तुकड्यावर तपासला. बरोबर होता. थंडीनं लोखंड आकसतं, पण आकसतं, वाढत नाही, आणि मिलिमीटरभर तर मुळीच नाही. पहिल्या वेळी वाचायला चुकले असेन. मी खडूनं फळीवर तारीख आणि माप लिहून ठेवलं. ६३० झाली त्या दिवशी ७८.६० भरलं. भेग अर्ध्या घेरापर्यंत आली होती. तोंडावरचे ठिपके आणि आकडे तसेच, आणि तो काटकोनातला कोपराही तसाच.

वडिलांच्या हातात मी पिन दिली आणि रिंग सरकवायला सांगितलं. रिंग थोडी खडखडली. महिन्यापूर्वी, पिन आली तेव्हा, ती डबडब वाजली होती, ते त्यांच्याही लक्षात होतं.

"लोखंड वाढत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मग माप चुकतंय."

"बाबा, माझं माप चुकत नाही."

त्यांनी पिनेवरून हात फिरवला. रिंग त्यांनी खिशात ठेवून दिली. थोड्या वेळानं त्यांनी मला रेडिओ लावायला सांगितला.

मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. गोष्ट समजत नसली तरी तिच्यावर उपाय करता येतो; अर्धी दुरुस्तीची कामं अशीच होतात. मी ६४२ नंबरची पिन करणारच नव्हते. ६४१ नंतर ६४३. जी पिन केलीच नाही ती मोडणार कशी? हा विचार मला एवढा पटला की त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला गाढ झोप लागली.

६४१ एका गुरुवारी संध्याकाळी पूर्ण झाली. रजिस्टरात खालची ओळ मी रेघ मारून रिकामी सोडली. मग ट्रेमधला नमुना उचलला. मध्ये ऐंशी, कडेला ऐंशी, कुठंही लावा, ऐंशी. भेग नव्हती. डाग नव्हता. लेथवरून आत्ता उतरवल्यासारखी कोरी पिन होती, आणि तेलात पडून असूनही हाताला कोमट लागत होती.

तिचे दोन तुकडे करायचे ठरवलं, पण करवतीचं पातं आदल्या दिवशीच तुटलं होतं. दुकानं बंद होत आली होती. मी पिन परत ट्रेमध्ये ठेवली. इथं माझी चूक झाली. वडिलांना मी काहीच सांगितलं नाही, कारण काय सांगावं ते मला कळत नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी पातं आणि लोखंडाचे दोन बार आणायला बाजारात गेले. परतायला अडीच वाजले. वडील खुशीत होते. ग्रीसमामा येऊन गेले म्हणाले. मोठ्या मशीनच्या पिनेची कॉलर सकाळी दगडावर आपटून उडाली, काम अडलं होतं, म्हणून वडिलांनी ती जादा करून ठेवलेली पिन देऊन टाकली. ट्रेमध्ये दोन होत्या. पहिली हाताला आली तिच्यावरून रिंग सरकवली.

"रिंग गेली," ते म्हणाले. "म्हणजे हीच नवी."

मी ट्रेमध्ये पाहिलं. ६१२ तिथंच होती.

"बाबा, कोपरा चाचपला होता का?"

"तुझा कोपरा कशाला चाचपायचा?"

मी खाणीत फोन लावला, पण क्रशरच्या आवाजात तिथं कुणी फोन ऐकत नाही. स्कूटरवर पायाशी ६१२ आडवी टाकली आणि निघाले. वीस मिनिटांचा रस्ता आहे. मी एरवी स्कूटर चालवताना मनात मापं म्हणते. त्या दिवशी एकही आठवलं नाही.

खाणीच्या तळाशी मोठं मशीन बंद उभं होतं. आर्म वर. बकेट अधांतरी. तिच्याखाली पहार घेऊन तो उभा होता, पाठमोरा. अंगात मरून स्वेटर. सासूबाईंनी सकाळीच शेवटचा टाका घालून त्याला चढवला असणार.

"अहो," मी हाक मारली. "इकडं या."

"आलोच. एवढा दगड काढतो."

"आत्ता या."

तो वळला. माझ्या तोंडाकडं बघून त्यानं पहार टाकली आणि चालत माझ्यापाशी आला. काय झालं, बाबा बरे आहेत ना, असं विचारलं. मी त्याच्या स्वेटरची बाही धरली आणि सोडली नाही.

बकेट पडली नाही. आवाजही झाला नाही. वर ती तशीच टांगलेली होती.

मी त्याला बकेट खाली टेकवायला लावली आणि ग्रीसमामांना पिन काढायला सांगितलं. दुपारी बारा वाजता बसवलीय, कोरी करकरीत, असं ते कुरकुरले. तरी त्यांनी घण मारून ती बाहेर काढली.

पिन बाहेर आली आणि त्यांनी घण खाली ठेवला.

मी जमिनीवर बसून मायक्रोमीटर लावला. ७६.१०. डाव्या कडेला डाग. कोपऱ्यातून धरलेली भेग, पाऊण घेर. तीन तासांत.

मी भेगेजवळ तोंड नेलं आणि नीट पाहिलं. आत काळं ग्रीस होतं. लोकर नव्हती.

मला रडू आलं. दोघंही बघत राहिले. मी रडते हे नवऱ्यानं सोळा वर्षांत दोनदा पाहिलं असेल. मी पुन्हापुन्हा त्याला एवढंच सांगत होते की माझा जीव गेला होता, आता आला.

ग्रीसमामांनी ६१२ बसवली. घण हलका, एका दमात. ती जाताना जो आवाज झाला तो माझ्या पिनेचा आवाज होता. लोखंडच हलकं निघालं असेल, असं ते त्या दुसऱ्या पिनेबद्दल म्हणाले, पण त्यांना स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही. मग सवयीनं नवऱ्याला म्हणाले, "टूलबॉक्समध्ये टाका ती. नमुन्याला राहू दे."

माझं लक्ष ६१२ च्या बोल्टकडं होतं. नवऱ्यानं वीस किलोची ती पिन तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून नेली, बॉक्समध्ये ठेवली आणि हात झटकत परत आला. स्वेटरच्या पोटाशी एक टाका उसवला होता. भेगेच्या धारेत अडकून बोटभर धागा तिथंच राहिला, म्हणाला. आई आता मला जेवायला घालणार नाही, असंही म्हणाला.

मला समजायला क्षणभर लागला. मग मी हसत सुटले. तो धागा एवढाच होता. माणूस बकेटखाली सापडल्याचा नव्हे, तर माणसानं पिन स्वतःच्या पायांनी चालत उचलून नेल्याचा. दोन महिने मी एका चांगल्या बातमीला घाबरत होते.

पिन मी नेते, म्हणाले, तिचे तुकडे करायचेत. टूलबॉक्सचं झाकण उघडलं. पाने होते, ग्रीसगन होती, चिंध्या होत्या. तळाला पिनेच्या आकाराचा तेलाचा ओला डाग होता. पिन नव्हती. आम्ही तिघांनी सगळं बाहेर काढून पाहिलं. ग्रीसमामांनी बॉक्स उलटा केला आणि मग बराच वेळ हात पुसत उभे राहिले.

घरी आल्यावर मी डबीतला धागा काढला आणि सासूबाईंना दिला. त्यांनी उसवलेला टाका त्यानंच सांधला. बरोबर पुरला. एवढा धागा तुला कुठं मिळाला, असं त्यांनी विचारलं. कामावर सापडला, असं मी सांगितलं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. ६४३, ६४४. महिन्याला पंधरा पिना होतात, त्या होत राहिल्या. वडील आता रिंगेबरोबर कोपराही चाचपतात आणि मी ते चालवून घेते. ६१२ मोठ्या मशीनमध्ये उत्तम चालली आहे. नवरा बकेट टेकवल्याशिवाय खाली उतरत नाही, आणि सीटवर अजून दुसऱ्या कुणाला बसू देत नाही. जी पिन कुणीच केली नव्हती तिच्याशी मी दोन महिने झुंजले आणि नवरा घरी आणला, असं मी मनात म्हणत होते, आणि थोडी ताठ चालतही होते.

काल सकाळी ग्रीसमामा आले. गाडीतून एक झिजलेली पिन उतरवताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"मोठ्या मशीनच्या टूलबॉक्समध्ये होती," ते म्हणाले. "कुणी ठेवली कुणास ठाऊक."

मी तिचं तोंड पुसलं. दोन ठिपके, ६८८. रजिस्टर ६४९ वर होतं. मी हादरले नाही. ही वाट आता माझ्या ओळखीची होती. कोपरा पाहिला. गोलाई सुरेख होती, माझ्या हातची. भेग नव्हती, धागा नव्हता. कडेला ऐंशी. मध्ये ७६.३०, आठ महिन्यांची झीज. चांगली पिन, पूर्ण आयुष्य जगून निघालेली. वडिलांना मी तसं सांगितलंही.

मग सवयीनं डाव्या कडेवरून बोट फिरवलं. काही लागलं नाही. डिझेलचा बोळा घेऊन ती कड सबंध पुसली आणि पिन उजेडात धरली. झीज मध्येच खोल, मध्येच उथळ होती. बोट जागोजाग अडखळत होतं.

चकाकता डाग उजव्या कडेला होता.